बुवांचं उत्तरेचं मैदान

८ फेब्रुवारी २००२, शुक्रवार. रुवैस

श्री उजाडताच गोल्फच्या मैदानावर. मैदान म्हणजे वाळूच. वसाहतीच्या मागे, रिफायनरीच्या चिमण्यांकडे तोंड करून नऊ झेंडे रोवलेले. गवताचं पातं नाही. झेंड्याभोवती तेल शिंपडून रोलरनं दाबलेली काळपट वाळू. तिला 'ब्राउन' म्हणतात, कारण ग्रीन म्हणायची लाज वाटते (श्रीचा विनोद, अठरा वर्षं हाच). प्रत्येकजण आपलं गवत आपल्याबरोबर नेतो. प्लास्टिकचा हिरवा तुकडा असतो, त्यावर चेंडू ठेवायचा, मारायचा, तुकडा उचलून पुढे चालायचं.

मी घरी प्र. ५ ची स्वच्छ प्रत. मेअखेर सगळं पुण्याला प्रकाशक गोगटेबाईंकडे पोचायला हवं. आठ प्रकरणं, आठ मैदानं, सगळी बुवांची. ऐंशी वर्षांपूर्वी जगभर गोल्फची मैदानं आखत हिंडलेला एक इंग्रज. 'बुवा' हे श्रीनं ठेवलेलं नाव. जमिनीशी भांडू नका, ती कुठे वळते बघा आणि तिथेच वळा, असं सांगणारा माणूस आर्किटेक्ट नसतो, बुवाच असतो, म्हणे.

आठांपैकी एकही आम्ही पाहिलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून तो वाचणार, मी मराठीत उतरवणार, असंच सगळं. दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी रजेची तिकिटं पुण्याची निघायची. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, फ्लॅटचा ताबा. प्रस्तावनेचं पहिलं वाक्यच ते आहे, की ही दोन माणसांनी न पाहिलेली मैदानं आहेत.

या जूनला जायचं. सईची बारावी संपते. आता कारण उरलेलं नाही.

१२ फेब्रु., मंगळ

सईनं प्रस्तावना वाचली. "आई, दिस इज सो सॅड. टू पीपल इन अ डेझर्ट, रायटिंग अबाउट ग्रास."
म्हटलं, सॅड नाही गं, मजा आहे ती.
"ओके. फनी-सॅड."
मराठीत काय म्हणशील, विचारलं. खांदे उडवून अभ्यासाला गेली.

१९ फेब्रु., मंगळ

प्र. ६, उत्तरेचं मैदान. आठांतलं सगळ्यात साधं. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीन शहराच्या कडेला, नगरपालिकेचं. कुणीही पैसे भरावेत आणि खेळावं. म्हणूनच मला ते आवडतं. कॅलिफोर्नियातलं कड्यावरचं मैदान राजवाड्यासारखं आहे, बघायला परवानगी लागेल. हे म्हणजे आपल्या पुण्याच्या बागेसारखं.

श्रीच्या लाल पेन्सिलीच्या दुरुस्त्या उतरवत होते. मी लिहिलं होतं, 'पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं वाटेच्या दोन्ही बाजूंना.' समासात त्याचं अक्षर: 'ऊन पडलं की या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो. घाल.'

किती छान. घातलं.

२२ फेब्रु., शुक्र

ते खोबरं डोक्यातून जात नाही.

आज सगळी आठ प्रकरणं काढून बसले. श्री काटेकोर माणूस, प्रत्येक दुरुस्तीपुढे ती ज्या पुस्तकातून घेतली त्याचं पान लिहितो. 'वारा उजवीकडून, पा. ११२.' 'टेकडी नव्हे, उंचवटा, पा. ४०.' सात प्रकरणांत असंच आहे. सहाव्यात एकाही दुरुस्तीला पान नंबर नाही. आणि दुरुस्त्या सगळ्यांत जास्त. 'अकराव्या झेंड्यापाशी एक लाकडी बाक. बसलं की लांबवर समुद्राची बारीक रेघ.' 'सकाळी बूट ओले होतात, मोज्यांपर्यंत.'

जेवताना सहज विचारलं, खोबऱ्याचं कुठे मिळालं?
"कुठेतरी वाचलं असेल."
कुठे?
"अगं, इतकं वाचलंय. आमटी वाढ."

४ मार्च, सोम

सईचे पेपर. घरात सगळे चवड्यांवर चालतो. श्री तिला रोज सोडतो, आणतो. गाडीत फिजिक्स विचारतो. बाप म्हणून याच्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही.

२८ मार्च, गुरु

पेपर संपले. सई दिवसभर झोपली.

श्रीनं पासपोर्ट सोडवायचा अर्ज ऑफिसात दिला. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतात. वर्षातून एकदा रजेला निघताना बाहेर येतात, परतलं की जमा. आपल्याच फोटोची ओळख वर्षातून एकदा.

९ एप्रिल, मंगळ

पासपोर्ट आले. पंधरा दिवसांसाठी. ब्रिटिश व्हिसाचे फॉर्म मीच भरायचे, घरातले सगळे फॉर्म मी भरते. श्री ड्यूटीवर. जाताना त्याची ट्रेनिंगची फाइल टेबलावर काढून ठेवून गेला, 'जुनी ट्रिप विचारतील, तारखा यातून घे.'

प्रश्न: यापूर्वी आला होतात का. कशासाठी. कधीपासून कधीपर्यंत.

प्लास्टिकच्या खिशात सर्टिफिकेट. ॲबरडीन, कंट्रोल व्हॉल्व्हचं ट्रेनिंग, ३ मे ते १४ मे १९९९.
पासपोर्टवर अबुधाबीचा शिक्का, परत आल्याचा. २० मे.

मला तेव्हा सांगितलं होतं, ट्रेनिंग १९ पर्यंत आहे, मधून सोडत नाहीत.
आई १६ ला गेली.

फॉर्म पूर्ण भरला. अक्षर कुठे हललं नाही.

१० एप्रिल

आईला ११ मेला पुण्यात आय.सी.यू.त हलवलं होतं, मी तिच्यापाशीच होते. शुद्धीवर होती. श्रीवर तिचा जीव, माझ्याहून जास्त. रोज विचारायची, "श्रीकांत पोचला का गं?" मी सांगायची, "ट्रेनिंगमधून सोडत नाहीत, आई. बुधवारी निघतोय." तिला पटायचं. म्हणायची, "नोकरी आहे बाबा. त्याला टाकून बोलू नकोस हो."

त्याच्या वतीनं मी तिला खोटं सांगत होते. मला ठाऊक नव्हतं, पण सांगत मीच होते. माझ्याच तोंडून.

आता हे कुणाकडे नेऊन

११ एप्रिल, गुरु

तो घरी आला, हात धुतले, फॉर्मवर सही केली. वाचून केली की न वाचता, कळलं नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तारखांच्या पानावर थांबला असं वाटलं. मग पेन टोपणात घातलं.

फाइल त्यानं स्वतः काढून ठेवली होती. फॉर्म मी भरते हे त्याला माहीत. मग विसरला की

१३ एप्रिल, शनि. पाडवा

मंगलवहिनींकडे सगळे. शेजारचंच घर, सोळा वर्षांचा घरोबा. चक्का अबुधाबीहून मागवलेला. पुरुषमंडळी श्रीला धरून बसली.

"काय श्रीकांतराव, यल्ला, चला, अखेर निघालात बुवांच्या दर्शनाला."
"येताना पाकिटातून थोडं गवत आणा, इथे लावू."
"कस्टमवाले पकडतील त्यांना."
मंगलवहिनी: "अहो पण असतं काय तिथे एवढं, हिरवळच ना?"

श्री हसून म्हणाला, "कुणास ठाऊक वहिनी. बघितलंय कुणी?"

इतकं सहज. वाटीत आणखी एक चमचा श्रीखंड घेत. मी समोर होते. माझ्याकडे बघितलं नाही.

१४ एप्रिल

बाई असती तर सोपं गेलं असतं. त्याला शब्द आहेत, मैत्रिणी आहेत, रडायची पद्धत आहे. 'माझा नवरा गवत बघायला राहिला' हे कुणाला फोन करून सांगू? हसतील. मीच हसेन.

खात्री अजून नाही. आजारी पडला असेल. सामान हरवलं असेल. दिवसभर त्याच्यासाठी कारणं शोधत होते. एक सापडलं की बरं वाटायचं, दहा मिनिटं.

१८ एप्रिल, गुरु

अबुधाबीला जाऊन फॉर्म दिले. अडीच तास जायचं, अडीच तास यायचं. परतताना मुसफ्फाला त्याचं वर्कशॉपमध्ये काम होतं, मी गाडीत बसून राहिले. तो उन्हातून येताना दिसला, हातात माझ्यासाठी ताकाची बाटली. शेहेचाळीस वर्षांची बाई मी. ताकाची बाटली बघून रडू आलं. गॉगल होता.

२६ एप्रिल, शुक्र

त्याच्याबरोबर वाळूवर गेले. खूप वर्षांनी. त्याला इतका आनंद झाला की माझी पाण्याची बाटलीही त्यानंच उचलली.

चौथ्या झेंड्यापाशी खेळून झाल्यावर तो लोखंडी झाडू ब्राउनवरून ओढत होता. हा इथला नियम, आपली पावलं पुसूनच पुढे जायचं, मागून येणाऱ्याला सपाट वाळू मिळाली पाहिजे. तेव्हा विचारलं.

"१४ मे ते २० मे तू कुठे होतास?"

झाडू ओढत राहिला. एक पूर्ण फेरी. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू फॉर्म भरलास त्याच दिवशी विचारशील."
"म्हणजे फाइल मुद्दाम ठेवलीस."
"माहीत नाही. ठेवली."

मग जे बोलला, आठवेल तसं:

शुक्रवारी ट्रेनिंग संपलं. मैदान बसनं वीस मिनिटांवर. फक्त शनिवारी बघून यायचं ठरवलं होतं. शनिवारी संध्याकाळी बूथमधून मला फोन केला. "तू म्हणालीस, डॉक्टर म्हणतात स्टेबल आहे. तू म्हणालीस ना?"
म्हणाले होते. खरंच.
"पण त्याआधीच, शुक्रवारी, 'सोडत नाहीत' म्हणून सांगितलं होतंस."
"हो."
मग रविवारीही गेला. सोमवारी रुवैसच्या ऑफिसला फोन केला तेव्हा आई गेल्याचा निरोप मिळाला. पुढे विमान मिळेना, ते खरं.

"त्या रविवारी चार वाजता गेल्या ना? म्हणजे तिथले साडेअकरा. मी अकराव्यावर होतो. बाकावर. नंतर हिशोब केला."
म्हणजे यानं तो हिशोब करून ठेवला होता. तीन वर्षं जवळ बाळगला होता.

"मला सांगायचं होतंस."
"केव्हा? तेराव्याला?"
"त्यानंतर केव्हाही."
"त्यानंतर तू पुस्तक सुरू केलंस. पहिलंच वाक्य ते. मी काय करणार होतो?"

मागून फिलिपिनो मुलांची चौकडी आली, "सर, ओके?" म्हणून थांबली. श्रीनं त्यांना पुढे जाऊ दिलं. आम्ही बाजूला उभे. त्यांचं होईपर्यंत दोघंही त्यांचा चेंडू बघत होतो, खरंच लक्ष देऊन.

मग हळूच म्हणाला, "मी इतका आनंदात कधीच नव्हतो गं. नेमका तेव्हा. ते कसं सांगणार होतो तुला?"

२७ एप्रिल

मला हे वाक्य समजतं. तीच अडचण आहे. समजत नसतं तर ओरडले असते.

३ मे, शुक्र

मैदानावर गेला नाही. पडदे धुतले. दोघांनी मिळून लावले. स्टुलावर तो, खालून आकडे देणारी मी.

सई: "आर यू टू फाइटिंग?"
नाही गं.
"देन प्लीज फाइट. दिस इज वर्स."

७ मे, मंगळ

फोन, अवि. माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो, आईचं सगळं त्यानंच केलं. सईच्या ॲडमिशनचं बोलणं झालं. मग सांगितलं त्याला.

"ताई, मला माहीत होतं."
"काय?"
"त्या रविवारी हॉटेलवर फोन मीच केला होता ना. ते म्हणाले, साहेब शुक्रवारीच गेले. दुसरीकडे राहायला गेले असतील म्हणून मी रुवैसच्या ऑफिसला निरोप ठेवला."
"मला का नाही बोललास?"
"तू आईपाशी बसली होतीस. तेव्हा काय सांगू, जावई हॉटेलात नाहीत?"
"नंतर?"
"नंतर भाऊजी आले आणि दहा दिवस खाली मान घालून पडेल ते काम करत होते. मला वाटलं, जाऊ दे. काय असेल ते तुझ्याशी बोलले असतील."

म्हणजे माझ्या नवऱ्याला ठाऊक. माझ्या भावाला ठाऊक. आणि मी तीन वर्षं त्या सहा दिवसांवर पुस्तक लिहीत होते. दुसऱ्यांच्या गप्पपणात किती सुखानं राहिले.

१६ मे, गुरु

आईचा दिवस. पान वाढलं. श्रीनं आपणहून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. फोटोपुढे उभा राहिला, बराच वेळ. मी बाहेर गॅलरीत गेले. तो आईशी काय बोलला असेल ते मला ऐकायचं नव्हतं. ती त्याला माफ करेल, लगेच करेल, हेही मला बघायचं नव्हतं.

दुपारी गोगटेबाईंचा फोन. "काय हो, कुठवर? गोल्फवर मराठीत पुस्तक कोण घेणार म्हणून आमचे लोक हसताहेत, पण मी सहावं प्रकरण दोनदा वाचलंय. बूट ओले होतात ते! अहो, न बघता कसं लिहिता तुम्ही?"
म्हटलं, प्रस्तावना बदलायची आहे. वेळ लागेल.
"किती?"
सांगता येत नाही.
"सांगता येत नाही म्हणजे किती?"
हसले मी. कितीतरी दिवसांनी.

२१ मे, मंगळ

दोघांचे व्हिसा आले. श्रीनं पासपोर्ट टेबलावर ठेवले आणि उभ्यानंच विचारलं, "रद्द करू या?"

"नको. मी जाते."
"आपण."
"मी. तू बघून आलास. माझं राहिलंय."

खुर्ची ओढून बसला. मला वाटलं चिडेल. चिडावं असं वाटत होतं.
"बरं," म्हणाला. "पण सकाळी लवकर जा. दुपारनंतर वारा सुटतो."

२४ मे, शुक्र

आज त्यानं मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. कागद घेऊन बसला, बस कुठून घ्यायची, कुठे उतरायचं, कुठल्या फाटकातून आत. खेळणार नसलीस तरी कडेनं चालू देतात, फक्त 'फोर' ओरडले म्हणजे चेंडू येतोय, खाली बस. पाचव्यानंतर पाइनची झाडं. आत एकदम थंड. सातव्यावर बुवांनी काय केलंय बघ, लांबून वाटतं खड्डा हिरवळीला लागून आहे, जवळ गेलं की मध्ये चांगली तीस पावलं मोकळी जागा. "फसवतो गं तो. डोळ्यांना फसवतो. पण फसलो याचं वाईट वाटत नाही, हसूच येतं."

बोलता बोलता चेहरा बदलला. पंचवीस वर्षांपूर्वी मला मागणी घालायला आला होता तेव्हाचा झाला. तासभर बोलला. नकाशाच्या खाली, वर, समासात लिहीत गेला.

तीन वर्षं हे सगळं आत दाबून हा माणूस आमटी वाढ म्हणत होता. मला त्याचं वाईट वाटलं. मग मला वाईट वाटलं याचा राग आला. मग पोळ्या केल्या.

अकराव्याशी आल्यावर पेन थांबलं. बाकाची खूण केली नाही. कागदाची घडी घालून दिली.

१ जून, शनि

सई पुण्याला गेली. विमानतळावर माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, परत येशील ना इथे?" मराठीत विचारलं. मी तिचे केस सारखे करत राहिले.

५ जून, बुध

तिकीट. अबुधाबी-लंडन-ॲबरडीन. तिथे सहा दिवस. परतीचं लंडन-मुंबई. पुण्याला सईची ॲडमिशन, अवि, गोगटेबाई. मुंबईहून अबुधाबीचं काढलेलं नाही. ट्रॅव्हल्सच्या पोरीनं फोनवर दोनदा विचारलं, मॅडम, रिटर्न? श्री शेजारी पेपर वाचत होता. पान उलटलं नाही.
तारीख न घातलेलं, ओपन पण नको, म्हटलं. आत्ता नकोच.

८ जून, शनि. अबुधाबी विमानतळ

गाडीत अडीच तास. तारफचा फाटा गेल्यावर त्यानं रेडिओ लावला, मग बंद केला. फ्रीजमध्ये काय काय ठेवलंय ते मी सांगितलं. तेही दोनदा.

काउंटरवर बॅग त्यानंच ठेवली, पट्टी त्यानंच आवळली. स्वेटर हातात घे, म्हणाला, जूनमध्येसुद्धा लागतो. घेतला.

आत जायची वेळ झाली. लोक मिठ्या मारत होते, पोरं रडत होती. आम्ही दोघं वजनकाट्याजवळ. त्याला काहीतरी म्हणायचं होतं.

मग म्हणाला, "सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. नाहीतर इथला व्हिसा आपोआप रद्द होतो."

अठरा वर्षं हे वाक्य तो रुवैसला नवीन आलेल्या प्रत्येक कुटुंबाला सांगत आलाय. बाळंतपणाला निघालेल्या बायकांना, आजारी सासऱ्यांकडे निघालेल्या सुनांना. मला कधी सांगावं लागलं नव्हतं.

"माहीत आहे," मी म्हणाले.
"माहीत आहे ते माहीत आहे मला."

आत येऊन बसले. काचेतून तो दिसतोय, खांबापाशी उभा. पार्किंगची वेळ कधीच संपली असेल. हात करत नाहीये. मीही केला नाही. बोटांवर मोजून पाहिलं, जूनपासून सहा म्हणजे डिसेंबर. पहिला आठवडा.

लंडनची घोषणा झाली. रांग लागली आहे. तो अजून तिथेच.